पेटी कोणाच्या हाती द्यावी?

आमच्या घरी शिसवी लाकडाची एक पेटी आहे. लांबीला हातभर, उंचीला वीतभर. तिच्यात सोने नाही की वाडीचे कागदपत्र नाहीत. आहेत ती चारशेच्या आसपास नाणी आणि एक जीर्ण वही. आमच्या वडिलांनी १९५७ साली ही नाणी जमवावयास आरंभ केला आणि २०१२ साली देवाघरी जाण्यापूर्वी काही दिवस पेटीची किल्ली आमच्या हातात ठेवून ते एवढेच म्हणाले, "हे तुम्हां मुलांसाठी आहे."

आता आमचेही केस पांढरे झाले. आम्हांला तीन मुले. थोरला कॅनडात स्थायिक झाला आहे, मधली मुलगी लग्न होऊन शेजारच्या धर्मग्रामात गेली आहे आणि धाकटा आमच्याजवळ आहे. वडिलांनी आमच्या हाती दिली ती किल्ली आता आम्ही कोणाच्या हाती द्यावी, असा प्रश्न गेल्या वर्षी आमच्यापुढे उभा राहिला. प्रश्न साधा वाटला होता. परंतु त्याच्या पोटातून दुसरे प्रश्न निघाले. एका माणसाच्या हौसेचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याचा अधिकार कोणाला असतो? वारसा ही देणगी असते की मागणी? आणि जो साठा करण्यासाठी घरातल्या कोणाला तरी काही सोडावे लागले, त्याचा खरा धनी कोण? वाचकांपैकी अनेकांच्या घरी नाणी नसतील; पण जुना दागिना, आजीचे लुगडे, वाजेनासे झालेले व्हायोलिन, यांपैकी काहीतरी असेलच. म्हणून हे विचार येथे मांडण्याचे धाडस करतो.

वडिलांनी १९५७ सालच का निवडले, ते प्रथम सांगितले पाहिजे. त्या वर्षी १ एप्रिलपासून आपल्या देशात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै असा हिशेब होता. तो जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. 'नवा' हा शब्द पुढे १९६४ साली गळून पडला. काही वर्षे जुनी व नवी नाणी बाजारात एकत्र चालली, आणि मग चवली, पावली, अधेली एकेक करून दिसेनाशा झाल्या. नावे तेवढी बोलण्यात उरली. वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे होते व रोज आगगाडीने मुंबईला छापखान्यात कामास जात. हातातून जाणारी गोष्ट जाण्यापूर्वी एकेक ठेवून घ्यावी, असे त्यांच्या मनाने घेतले. महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई पडली म्हणून मधोमध भोक पाडून काढलेला पैसा, नागमोडी कडांचा आणा, चौकोनी दोन आणे, असा त्यांचा संग्रह सुरू झाला. पुढे व्हिक्टोरिया राणीचे रुपये आले, पंचम जॉर्जचे आले, शिवराईही आली. तांब्याच्या त्या लहानशा नाण्याच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. शिवछत्रपतींच्या पश्चात दीडदोनशे वर्षे हे नाणे दख्खनच्या बाजारात चालत राहिले. वहीतील शेवटची नोंद मदर तेरेसा यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २०१० साली निघालेल्या पाच रुपयांच्या नाण्याची आहे. तिचे अक्षर थरथरते आहे.

येथवरची कथा गोड आहे. परंतु पेटीचे काय करावे हे ठरविण्यासाठी आम्ही आमच्या थोरल्या बहिणीकडे गेलो, तेव्हा तिची दुसरी बाजू कळली.

वडिलांनी "तुम्हां मुलांसाठी" म्हटले होते, आणि आम्ही भावंडे दोन. मग पेटी इतकी वर्षे एकट्या आमच्या कपाटात कशी राहिली? बहिणीने आपला वाटा कधी मागितला नव्हता. मागितला नाही म्हणजे सोडला असे आम्ही सोयीने धरून चाललो. वास्तविक आपणां ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसेल तर विधवा पत्नीला एकतृतीयांश आणि उरलेले दोनतृतीयांश सर्व मुलांना सारखे, मुलगा-मुलगी असा भेद नाही, हे स्पष्ट आहे. आमच्या मातोश्रीही आता नाहीत. तेव्हा अर्धी पेटी बहिणीची होती, आणि ही गोष्ट तिला सांगावयास आम्ही बारा वर्षे लावली.

तिने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "तू वाटा द्यायला आलास हे बरे केलेस. पण त्या पेटीत माझे आधीच काहीतरी गेले आहे." मग तिने सांगितले. १९७७ साली ती सातवी पास झाली. पुढच्या शाळेला दूर जावे लागे. फी, पुस्तके, गाडीचा पास, असा खर्च होता. घरात पैसे नाहीत असे सांगून तिला घरी बसविण्यात आले. त्याच महिन्यात वडिलांनी पोर्तुगीज अमदानीतला चांदीचा रुपया विकत घेतला. ती म्हणाली, "आईने मला गप्प राहायला सांगितले. तीही गप्प राहिली."

आम्ही घरी येऊन वही उघडली. नोंद होती. तारीख होती, वजन होते, दिलेली किंमतही होती. ती रक्कम वर्षाच्या शिक्षणाला पुरली असती की नाही, हे आज नेमके सांगता येणार नाही. कदाचित नसती पुरली. मुलीला शिकवून काय करावयाचे, अशी तेव्हाची समजूत होती आणि नाणे घेतले नसते तरी ती घरीच बसली असती. परंतु असे म्हणून सुटका होत नाही. वडिलांपुढे त्या महिन्यात दोन गोष्टी होत्या आणि त्यांनी एक निवडली. ते दुष्ट नव्हते, व्यसनी नव्हते, रविवारची मिस्सा त्यांनी कधी चुकविली नाही. हौस हीसुद्धा घरातील दुसऱ्याच्या ताटातून घास उचलू शकते, आणि उचलताना तिला ते कळतही नाही, एवढेच यातून म्हणता येते.

धनसंचयाविषयी आपल्या प्रभूने जे सांगितले ते आपण वर्षातून अनेकदा ऐकतो. संत लूकच्या शुभवर्तमानात कोठारे वाढविणाऱ्या धनवंताचा दाखला आहे. परंतु तो दाखला कोणत्या निमित्ताने सांगितला गेला, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला वारशाची वाटणी करावयास सांगा. येशू वाटणी करून देण्याचे नाकारतो आणि मग तो दाखला सांगतो. म्हणजे ती गोष्ट मुळात वारशाच्या तंट्यातून निघाली आहे, आणि तिच्या शेवटी धनवंताला विचारलेला प्रश्नही हाच आहे की तू साठविलेले आता कोणाचे होणार. जुन्या करारातील उपदेशकालाही हीच टोचणी होती. आपण कष्टाने मिळविलेले मागून येणाऱ्याच्या हाती जाणार, आणि तो शहाणा निघेल की मूर्ख, कोणी सांगावे!

मग संग्रह करणे हे मुळातच चूक का? आम्हांला तसे वाटत नाही. पुरलेल्या तालांताच्या दाखल्यात धनी रागावतो तो चाकराने पैसा निरुपयोगी करून ठेवला म्हणून. पैसा जमिनीत गेला की तो कोणाच्याही कामाचा राहत नाही. संग्राहकाच्या हाती मात्र पैशाचे काही निराळेच होते. बाजारात एक रुपया दुसऱ्या रुपयासारखाच. कोणता दिला नि कोणता घेतला याने फरक पडत नाही. संग्राहकाला प्रत्येक नाणे वेगळे दिसते. वर्षाखाली लहानसा हिरा असला तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असला तर हैदराबादचे, काहीच नसले तर कोलकात्याचे, हे तो भिंगातून पाहतो. दहांपैकी एक नाणे हरवल्यावर दिवा लावून घर झाडणारी शुभवर्तमानातील ती बाई त्याला इतरांपेक्षा लवकर कळते, कारण नऊ आहेत एवढ्यावर त्याचेही समाधान होत नाही. वस्तूकडे असे पाहणे हा एक गुण आहे. पण तो दाखला नाण्यांविषयी नाही, माणसांविषयी आहे. ज्याला रिकामा कप्पा दिसतो त्याला शाळेतून घरी बसलेली मुलगी दिसत नसेल, तर त्याचा दिवा चुकीच्या खोलीत लागला आहे.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. वारसाचे कर्तव्य काय? वडिलांनी जमविले म्हणून मुलांनी जपलेच पाहिजे काय?

आमच्या एका चुलत्यांकडेही थोडी नाणी होती. ते गेल्यावर घरच्यांनी ती चिंच व राख लावून लख्ख घासली आणि सराफाकडे नेऊन वजनावर विकली. लबाडी कोणी केली नाही. सराफाने चांदीचा भाव दिला, यांनी घेतला. परंतु नाणे घासले की त्यावर काळाने चढविलेला थर जातो, बारीक रेघा उमटतात, आणि जाणकाराच्या लेखी त्याची किंमत तेथेच घसरते. शिवाय सहाव्या जॉर्जचे १९३९ पर्यंतचे रुपये आणि १९४० ते १९४५ पर्यंतचे रुपये आकाराने सारखेच दिसतात. पण पहिल्यांत शेकडा सुमारे ९२ भाग चांदी आहे आणि दुसऱ्यांत निम्मीच. चुलत्यांना हे सारे ठाऊक होते. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही, लिहूनही ठेवले नाही. मग दोष कोणाचा? घासणाऱ्यांचा म्हणावे तर त्यांना कळावे कसे? आम्हांला वाटते, ज्ञान दिल्यावाचून जो वस्तू देतो तो अर्धेच देतो, आणि उरलेले अर्धे आपल्याबरोबर मातीत नेतो.

याहून मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातले आहे. जोगलटेंभी येथे १९०६ साली जमिनीत चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, क्षत्रप राजा नहपान याची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली मुद्रा पुन्हा उठविली आहे. नहपानाचा पाडाव केल्यावर त्याने शत्रूची नाणी वितळविली नाहीत. त्याच चांदीवर आपला छाप मारून ती चालू ठेवली. एकाच नाण्यावर हरलेल्याचा चेहरा आणि जिंकलेल्याची खूण अशी दोन्ही दिसतात. परंतु तो साठा ज्याने पुरला, त्याच्या मुलांना तो मिळाला नाही. ते नाव कोणालाच ठाऊक नाही. त्याने बहुधा वारसांसाठीच ठेवले असेल. अठराशे वर्षांनी ते इतिहासाला मिळाले. ठेवणाऱ्याचा हेतू आणि ठेव्याचे नशीब यांचा संबंध किती थोडा असतो!

आणि ज्याला वारसा मिळतो, त्याला तरी आपण काय घेतले ते नेहमी ठाऊक असते काय? महाराष्ट्रातील स्त्रियांची पुतळ्यांची माळ आपण सर्वांनी पाहिली आहे. पुतळी हे नाव मुळात व्हेनिसहून व्यापारात आलेल्या सोन्याच्या डुकाट नाण्याला पडले, कारण त्यावर मनुष्याकृती असत. त्या नाण्याच्या एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, आणि दुसऱ्या बाजूस स्वतः प्रभू येशू ख्रिस्त. १२८४ पासून १७९७ पर्यंत हे नाणे पडत होते. येथल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या, पुढे त्यांवर आपल्या देवदेवता आल्या. लेकीसुनांच्या गळ्यांत ती माळ पिढ्यान्‌पिढ्या गेली. मूळ आकृती कोणाची हे कोणी विचारले नाही. म्हणून ती माळ खोटी ठरली नाही. आईने लेकीच्या गळ्यात घातली, एवढ्याने तिला अर्थ आला. म्हणजे ज्ञान हरवले तरी माया पोहोचू शकते. आम्ही वर जे म्हटले त्याला हे उदाहरण थोडे छेद देते, आणि ते तसेच राहू द्यावे हे बरे.

राहिली वाटणीची गोष्ट. जमीन वाटता येते, पैसा वाटता येतो; संग्रह वाटला की तो संग्रह राहत नाही, नाण्यांचे ढीग राहतात. एकालाच द्यावा तर इतरांवर अन्याय. त्यात आमचा थोरला परदेशी. १९७२ च्या पुरातन वस्तूविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरातन वस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. वडिलांनी घेतला तेव्हा पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया केवळ जुना रुपया होता. पेटीत पडल्या पडल्या २०१८ साली तो पुरातन झाला. थोरल्याला तो द्यावा म्हटले तरी त्याने येथेच ठेवावा लागेल. आपली कितीतरी मुले आज दूर देशी आहेत. पाळेमुळे सामानाच्या पेटीत भरून नेता येत नाहीत, हे कायदा आपल्या कोरड्या भाषेत सांगतो.

आम्ही तिन्ही मुलांना विचारले. थोरला म्हणाला, "विकून टाका आणि सारखे वाटा. मी ती कधी पाहणार?" आम्हांला क्षणभर वाईट वाटले, पण तो खरे बोलला. धाकटा म्हणाला, "ठेवू या, पण मला त्यातले काही कळत नाही." मुलीने वही मागून घेतली आणि दोन दिवसांनी परत आणून दिली. म्हणाली, "पप्पा, आजोबांनी प्रत्येक नाण्याची किंमत लिहिली आहे. आत्याची गोष्ट कुठेच लिहिलेली नाही."

त्यानंतर आम्ही जे केले ते सांगतो. ते सर्वांसाठी योग्य आहे असा आमचा आग्रह नाही.

प्रथम आम्ही पेटी बहिणीच्या घरी नेली आणि तिच्यापुढे उघडली. तिने बराच वेळ पाहिले आणि एकच नाणे उचलले, भोकाचा पैसा. तो तिला लहानपणी आजीच्या बटव्यात सापडला होता आणि तिनेच वडिलांना दिला होता. वडिलांनी वहीत तसे लिहिले होते: "लेकीने दिला." ते वाचून ती रडली. तिचे मन वडिलांविषयी निवळले की नाही, आम्ही विचारले नाही.

मग दोघांच्या संमतीने जी चांदीची नाणी पुष्कळ मिळतात, ज्यांना आमच्या घराचा म्हणून काही इतिहास नाही, ती जाणकाराकडून पारखून, न घासता विकली. तिची नात परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. ते पैसे तिच्या फीसाठी दिले. हे दान नव्हते. १९७७ सालची थकबाकी होती, आणि तीही पूर्ण फिटली असे आम्ही मानीत नाही. ज्या मुलीची शाळा सुटली तिला ती वर्षे कोण परत देणार?

उरलेली साठ-सत्तर नाणी आम्ही ठेवली आहेत. जुने प्लास्टिकचे खण काढून टाकले, कारण त्यातल्या रसायनाने तांब्यावर हिरवा चिकट थर धरला होता. आमच्या खाऱ्या, दमट हवेपासून जपण्यासाठी कागदी पाकिटे व ओल शोषणाऱ्या पुड्या घातल्या. वही पुन्हा लिहून काढली. प्रत्येक नाणे काय, कोठून आले, कसे ओळखावे, खरी किंमत कोणाला विचारावी, हे सारे लिहिले. पोर्तुगीज रुपयाच्या नोंदीखाली बहिणीच्या परवानगीने तिची हकीकत लिहिली. पुढच्या पिढीने नाणे हातात घेतले की तेही वाचावे.

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही तिन्ही मुलांना उद्देशून चार ओळी लिहिल्या आहेत. ही नाणी तुम्ही ठेवू शकता, विकू शकता, एखाद्या संग्रहालयाला देऊ शकता. कशानेही आमचा वा आजोबांचा अपमान होणार नाही. फक्त ओळखल्यावाचून टाकू नका, आणि यांच्यासाठी घरातल्या कोणाच्या गरजेला नाही म्हणू नका.

ही मुभा लिहिताना हात जड झाला, हे कबूल केले पाहिजे. आपले काही कायम राहावे असे कोणाला वाटत नाही? परंतु सोडून देण्याचे स्वातंत्र्य ज्या देणगीत नाही, ती देणगी कसली? ती मुलांच्या खांद्यावर ठेवलेली आपली हौसच. आपण विश्वस्त आहोत असे आपण प्रार्थनेत म्हणतो. विश्वस्ताला स्वतःच्या मागे अटी घालून ठेवता येत नाहीत.

किल्ली सध्या मुलीकडे आहे. येत्या नाताळात थोरला घरी येईल, तेव्हा बहिणीलाही बोलावून पेटी सर्वांसमोर पुन्हा एकदा उघडावी असे ठरले आहे.